घमेल्यातले निखारे

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला कोंबड्याची गरज उरली नव्हती. अंगणात धुकं असायचं, आई न्हाणीच्या चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी सारत असायची, आणि दारातला आमचा लांब नाकाचा ट्रक खोकायला लागायचा. आधी नुसती घरघर, मग एक धक्का, मग पांढरा धूर, आणि मग त्याचं ते लंगडं चालणं. धड इंजिनाचा आवाज जात्यासारखा एका लयीत फिरतो. आमचा ट्रक मात्र जेवताना मध्येच ठसका लागावा तसा अडखळायचा, सावरायचा, पुन्हा अडखळायचा. फडताळातले पितळी डबे एकमेकांवर वाजायचे. शेजारच्या कुसुमकाकू धूर येतो म्हणून खिडकी लावून घ्यायच्या आणि लावताना ती जरा जोरातच लावायच्या. आई चुलीपासून म्हणायची, "लागला ना जी तुमच्या लेकाले खोकला." ट्रकला तिनं बाबांचा लेक ठरवून टाकलं होतं, त्यामुळे मी आपोआप त्याची बहीण झाले होते.

आमचं घर पुसदचं आणि घराणं टेबलामागचं. आजोबा कचेरीत, काका कचेरीत, मामा शाळेत. बाबाही कचेरीतच होते, पण एक दिवस त्यांनी नोकरी सोडली आणि ट्रक घेतला. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. लग्नकार्यात कोणीतरी हमखास विचारायचं, "काय म्हणते तुमची गाडी?" आणि विचारताना ओठ असे दाबायचं की बाबांचे कान लाल व्हायचे. पण माणूस जिद्दीचा. नोकरी सुटली तरी कचेरी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. ट्रकचं टायर पंक्चर झालं तरी ते चौकशी बसवायचे. कोणी, कुठे, कशामुळे. चौकशीचा निकाल एकदा लागला की देवही तो फिरवू शकत नसे.

ट्रक चालवायचे धनसिंगभाऊ. जवळच्याच बंजारा तांड्यावरचे, उंच, किडकिडीत, कानात बाळी, बोलणं मोजकं. महागावच्या बाजारातून कापूस उचलायचा आणि सरकी काढायला जिनिंगच्या कारखान्यात टाकायचा, हे त्यांचं हिवाळ्याचं काम. मी शाळेत असल्यापासून ते बोनेट उघडायचे तेव्हा मी शेजारी उभी असायचे. हे काय, ते कायले, असं विचारून मी त्यांचा जीव खायचे, आणि ते न कंटाळता सांगायचे. डिझेल टाकीतून कसं येतं, पंप ते कसं ओढतो, गाळणीतून पुढे कसं जातं. "नलू, इंजिनाचं माणसासारखं हाये," ते म्हणायचे. "त्याच्या घासात वारा गेला का ते बिथरते." मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते, पण इंजिनातलं जे काही मला येत होतं ते पुस्तकातलं नव्हतं, त्यांच्या बोटांमागे डोळे फिरवून आलेलं होतं.

आता त्या घमेल्याबद्दल सांगायला हवं. थंडीत डिझेलची गाडी लवकर सुरू होत नाही, म्हणून आमच्या भागात ज्याची त्याची एक युक्ती असायची. कोणी चिंध्यांचा बोळा पेटवून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडाशी धरायचं, कोणी गाडी उतारावरच उभी करायचं. बाबांची युक्ती सगळ्यांहून वरचढ होती. न्हाणीचं पाणी तापलं की चुलीतले पऱ्हाटीचे लाल निखारे लोखंडी घमेल्यात भरायचे आणि ते घमेलं ट्रकच्या नाकाखाली सारायचं, म्हणजे खालचं ऑइल पातळ होतं. हे काम ते कोणालाही करू देत नसत. कानटोपी घालून, हाताला ओलं फडकं गुंडाळून, ते स्वतः जमिनीवर आडवे व्हायचे आणि घमेलं ठरलेल्या जागी ढकलायचे. मग शेजारी पाटावर बसून चहा प्यायचे. गावातले दोनतीन ट्रकमालक ही युक्ती पाहायला येऊन गेले होते. त्याचा बाबांना जो अभिमान होता तो माझ्या मार्कांचाही नव्हता.

आणि तरीही ट्रक खोकत होता. निखाऱ्यांनी तो कसाबसा सुरू व्हायचा, पण गावाबाहेर गार वाऱ्याला लागला की पुन्हा धक्के. ऊन वर येईपर्यंत महागावच्या रस्त्यावर बैलगाड्या त्याला मागे टाकायच्या, हे धनसिंगभाऊंनीच मला खाली मान घालून सांगितलं होतं. ऊन तापलं की मात्र तोच ट्रक शहाण्यासारखा पळायचा. मेकॅनिकला दाखवलं. त्यानं डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले, बसवले, दुपारच्या उन्हात इंजिन सुरू केलं. ते असं गोड चाललं की त्यानं हात पुसले आणि सांगितलं, "काहीच नाही इले." दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पुन्हा वाजले.

माझ्या भाच्याचे आता टिपर आहेत. गाडीला जरा काही झालं की कारागीर एक यंत्र घेऊन येतो, वायर जोडतो, आणि पडद्यावर दोष उमटतो. मी परवा त्याला विचारलं, की समजा यंत्र जोडेपर्यंत गाडी बरी झाली तर? तो म्हणाला, "मावशी, तूबी ना." पण माझा प्रश्न खरा होता. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे न्यायचं आणि डॉक्टरनं ताप नाही म्हणायचं, असं आमचं त्या हिवाळ्यात चाललं होतं. सकाळी गाडी आजारी असायची तेव्हा कापूस भरायची घाई. आणि गार लोखंडाला हात लावायला कोणाला आवडतं? सगळी तपासणी दुपारी, उन्हात, चहा पिऊन.

निकाल शेवटी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात लागला. तिथे ट्रकमालक बसायचे. कोणीतरी म्हणालं, "पांढरा धूर? धक्के? साहेब, डायवर डिझेल काढून इकते अन् घासलेट भरते. सगळीकडं हेच चालू हाये." एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान डोलावली, तिसऱ्यानं आपल्याकडच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. धनसिंगभाऊ त्या वेळी बाहेर ट्रकची काच पुसत होते. बाबांनी त्यांना आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "धनसिंग, घासलेट टाकून राह्यला काय तू?"

धनसिंगभाऊंनी पहिल्यांदा सगळ्यांकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, "मालक, मी सांगून काय होते. गाडी सांगन तुमाले." खिशातून किल्ली काढली, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि चालत तांड्याकडे गेले. बाबांनी याचा अर्थ कबुली असा घेतला. बाजाराच्या दिवसापासून नवा ड्रायव्हर येईल, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दुपारचं जेवत होतो. त्या दिवशी पातोडीचा रस्सा होता, ज्यासाठी मी एरवी भांडत असे. माझा घास हातातच राहिला. घासलेटवाला असा शिक्का एकदा बसला की त्या माणसाच्या हातात पुसदपासून मुकुटबनपर्यंत कोणी स्टिअरिंग देणार नव्हतं, हे मला कळत होतं आणि बाबांनाही कळत होतं. मला इतका राग आला की ताटावर बसून मी कधी बोलत नाही तसं बोलले.

"बाबा, घासलेट उन्हात सुधारते काय?"

"म्हणजे?"

"टाकीत भेसळ असली तर ती सकाळीबी राहीन अन् दुपारीबी राहीन. दुपारी गाडी बरी काहून होते मग?"

बाबांनी रस्सा भुरकला. "थंडीनं भेसळ जास्त लागते."

"कोणं सांगतलं?"

"सगळे सांगून राह्यले. कॉलेजात ट्रक शिकवतात काय तुमाले? पोट्टीनं पोट्टीवानी राहावं."

आता आई मध्ये पडली. ती वाढत होती आणि वाढताना तिचं कोणाकडेच लक्ष नाही असं वाटायचं. "तुमी कचेरी सोडून गाडी घेतली तवा मी काई म्हटलं? मंग आता तिले पाहू द्या. बाजार परवा हाये." बाबा म्हणाले, चौकशी झालेली आहे. आई म्हणाली, "फेर चौकशी नसते काय तुमच्यात?" बाबांनी बराच वेळ भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून ठेवला. मग म्हणाले, उद्या सकाळ तुझी. एकच सकाळ.

मला एवढं ठाऊक होतं की दोष एकतर डिझेलात आहे, नाहीतर डिझेल ज्या वाटेनं येतं त्या वाटेत. डिझेल तेच ठेवून वाट बदलली तर? टाकीतलंच डिझेल डब्यात काढायचं, डबा वर बांधायचा आणि नव्या नळीनं सरळ पंपाला जोडायचा. गाडी खोकली तर डिझेल चोर. नाही खोकली तर नळी चोर. त्यात काही फार मोठी अक्कल नव्हती. हे दिसायला फक्त गाडी आजारी असताना तिच्याजवळ जायला हवं होतं. नळी मात्र आरपार दिसणारी हवी होती, आणि ती सापडली शेजारी. कुसुमकाकूंच्या नव्या खोलीचं बांधकाम चाललं होतं. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाणी भरलेली प्लॅस्टिकची पारदर्शक नळी वापरतात ना, ती. गवंडीबुवा म्हणाले, "ने बाई, पण डिझेलाचा वास घेऊन परत आणशील तर भिंत वाकडी येईन." मी नवी आणून देईन म्हटलं.

मग सायकल काढली आणि दिवस असतानाच तांड्यावर गेले. धनसिंगभाऊ अंगणात बाजेवर बसले होते, त्यांची बायको तुरीच्या शेंगा उकडत होती. मला पाहून ती उठली, वाटीत शेंगा दिल्या, मीठ दिलं, आणि आत गेली. जाताना त्यांच्यात आपसात गोरबोलीत, त्यांच्या तांड्याच्या भाषेत, काही बोलणं झालं. मला शब्द कळले नाहीत, पण आम्ही त्या घरी आता नकोसे झालो आहोत एवढं कळलं.

"सकाळी या," मी म्हणाले. "माझ्या एकटीच्यानं पंपातली हवा निघत नाही."

"मी त्या गाडीले हात लावत नाही, नलू."

"तुमी म्हटलं ना गाडी सांगन म्हणून. ऐकायले कोणी नको काय?"

ते शेंगा सोलत राहिले. "गाडी सांगन तुह्या दारात. अन् मले चोर म्हटलं ते हाटेलात. चार लोकात. दारात सांगून काय फायदा?"

 मी म्हटलं, "ते नंतर पाहू. आधी या." ते येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. मी शेंगा खाल्ल्या, कारण टाकून येणं बरं दिसलं नसतं, आणि परत निघाले. खरं सांगायचं तर परतीच्या रस्त्यात मला रडू येत होतं. पण सायकल चालवताना रडलं की डोळ्यांत धूळ जाते, म्हणून मी ते पुढे ढकललं.

सकाळी धुकं असं होतं की ट्रकचं नाक दिसत होतं आणि शेपूट दिसत नव्हतं. मी आईची जुनी शाल कमरेला बांधली होती. बाबा सवयीनं घमेलं घेऊन आले, निखाऱ्यांनी भरलेलं. मी म्हटलं, आज निखारे नाही.

"अवं, त्याच्याशिवाय सुरू कशी होईन ते?"

"झाली नाही तर माझी सकाळ गेली."

त्यांनी घमेलं पायरीवर ठेवलं आणि पाटावर बसले, चेहरा निकाल लिहिणाऱ्या साहेबासारखा करून. मी टाकीतून डिझेल काढून डब्यात भरलं, बाबांना हुंगायला दिलं, डबा बोनेटच्या वर दोरीनं बांधला. नळी जोडायला गेले तर माझ्या बाजूने एक किडकिडीत हात पुढे आला आणि त्यानं पाना माझ्याकडून घेतला. धनसिंगभाऊ धुक्यातून कधी आले ते आम्हाला कळलंच नाही. त्यांनी बाबांना रामराम केला नाही. हातपंप मारून नळीतली हवा काढली, स्क्रू घट्ट केला, आणि मला म्हणाले, "तू बस वरती. तू चालू कर. मी केली तर म्हणतीन यानं काई केलं."

मी कॅबिनमध्ये चढले. सीट बर्फासारखी गार होती. स्टार्टर ओढला. एकदा घरघर, दुसऱ्यांदा घरघर, आणि मग इंजिन सुरू झालं. सुरुवातीचा एक भपका धूर टाकून ते जात्यासारखं फिरायला लागलं. निखाऱ्यांवाचून, त्या थंडीत, टाकीतल्या त्याच डिझेलवर. आई चुलीपासून बाहेर आली, कारण डबे वाजले नव्हते.

बाबा उठले नाहीत. "आज थंडी कमी असन," ते म्हणाले. मला हे अपेक्षित होतं. मी इंजिन बंद केलं, खाली उतरले, डब्याची नळी काढून जुना रस्ता जोडला. टाकीकडून येणारी लोखंडी नळी, तिच्या पुढचा रबरी तुकडा, आणि रबर आणि पंप यांच्या मधे त्या पारदर्शक नळीची वीतभर जोड. धनसिंगभाऊंनी पुन्हा हवा काढली, मी वर चढून सुरू केलं. इंजिन आता थोडं गरम होतं, तरी लगेच ठसका, धक्का, पांढरा धूर. कुसुमकाकूंची खिडकी लागली. "बाबा," मी वरून ओरडले, "नळीत पाहा."

ते आता मात्र आले. चष्मा पुसून वाकले. पिवळ्या डिझेलमधून बुडबुडे चालले होते, सोडावॉटरच्या बाटलीतल्यासारखे, एकामागून एक. हातच्या काकणाला आरसा कशाला.  आई गेली, तापलेल्या पाण्याचा तांब्या आणि एक फडकं घेऊन आली. ते फडकं रबरी तुकड्याभोवती गुंडाळून तिनं वर गरम पाणी ओतलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण ती हिवाळ्यात असंच सैल करते, त्यावरून तिला सुचलं म्हणे. हळूहळू बुडबुडे कमी झाले, मग थांबले, आणि इंजिनाचा ठसका गेला. फडकं गार झालं तसे ते पुन्हा सुरू झाले.

बाबांनी इंजिन बंद करायला सांगितलं. हात घालून तो रबरी तुकडा स्वतः काढला. वरून तो ठीक दिसत होता. उलटा केला तर खालची बाजू चिंचेच्या सालीसारखी कडक झालेली, चिरा पडलेली, आणि जिथे पट्टा आवळला होता तिथे बोटानं दाबलं तरी दबत नव्हती. थंडीत आकसायची आणि वारा आत घ्यायची, ऊब लागली की बंद व्हायची. बाबा तो तुकडा हातात फिरवत राहिले. मग ते जमिनीवर आडवे झाले, रोज व्हायचे तसे, आणि खालून वर पाहिलं. तिथे इंजिनाच्या कडेला काजळी धरली होती, आणि काजळीच्या बरोबर वर त्या रबरी तुकड्याची जागा होती.

ते बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं त्यांना काही झालं. आई म्हणाली, "अवो, थंडी हाये, उठा." उठले तेव्हा कानटोपीला माती लागली होती. माझ्याकडे पाहिलं नाही, धनसिंगभाऊंकडे पाहिलं नाही. पायरीवरच्या घमेल्यातले निखारे आता राखेखाली विझत आले होते. बाबांनी ते चुलीत उलटे केले, घमेलं झटकलं, काखेत घेतलं, रबराचा तुकडा खिशात घातला आणि म्हणाले, "चल धनसिंग."

"कुठं जी?"

"हाटेलात."

मी मागे जाणारच होते. हॉटेलात बायका जात नसत, त्यामुळे मी बाहेर, दाराशी उभी राहिले. आतली गडबड ओळखीची होती, कपबशा, पेपर, कापसाचे भाव. कचेरीतून आलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा तो माणूस काळं घमेलं काखेत घेऊन आत शिरला तेव्हा आवाज आपोआप कमी झाला. त्यांनी घमेलं टेबलावर ठेवलं. त्याच टेबलावर. त्यात तो रबराचा तुकडा टाकला, तो खट्कन वाजला. मग माझे बाबा, ज्यांचा निकाल देवही फिरवू शकत नसे, उभ्यानेच म्हणाले, "धनसिंगनं घासलेट टाकलं नाही. नळी मी जाळली. रोज सकाळी, माह्या हातानं. ज्यानं ज्यानं माही युक्ती नेली, त्यानं आपली नळी पाहून घ्या." आणि धनसिंगभाऊंकडे हात करून, "याले मी चोर म्हटलं ते तुमच्यासमोर म्हटलं. ते मी परत घेतो."

 मग एक मालक हळूच उठला आणि बाहेर जाऊन आपल्या ट्रकखाली वाकला. बाबांनी किल्ली काढून धनसिंगभाऊंपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी खुर्ची ओढली. त्या हॉटेलात ड्रायव्हर मालकांच्या टेबलावर बसत नसत, बाहेर बाकावर चहा घेत. धनसिंगभाऊ बसले, आणि मालकाकडे वर पाहून म्हणाले, "बसा जी. चहा घेऊ. मंग नवी नळी टाकू, उद्या महागावले जातो."

बाबा बसले. दोघांनी चहा घेतला, मध्ये ते घमेलं ठेवून. मी दारातून पाहत होते, आणि सायकलवर जे पुढे ढकललं होतं ते तेव्हा आलं. कोणी पाहिलं असेल तर पाहो.